काडतुसाचे वंगण

अठराशे सत्तावनच्या उठावाचे नाव निघाले की शाळकरी मुलालाही काडतूस आठवते. गाईची चरबी, डुकराची चरबी, दातांनी तोडावयाचा कागद आणि त्यावरून बिथरलेला शिपाई, एवढ्या सामग्रीत ही कथा आपल्याकडे आटोपते. काडतुसाला मुळात वंगण का लागत होते, ते कोणी ठरविले, ठरविताना दुसरे कोणते पदार्थ हाताशी होते आणि पुढे अखेर कोणता पदार्थ पसंत पडला, हे प्रश्न इतिहासाच्या पुस्तकांत एखाद्या तळटीपेपुरते येतात. या तपशिलाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे दोन टोकांची मते मात्र फोफावली. एका मते शिपाई भोळा आणि अंधश्रद्ध होता. दुसऱ्या मते काडतूस हे निव्वळ निमित्त होते. वंगणाचा इतिहास नीट पाहिला तर ही दोन्ही मते अपुरी ठरतात.

‘काडतूस’ हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. त्याआधीची आपली शब्दसंपत्ती तोड्याची बंदूक, बार, गज आणि ठासणे अशी आहे. नळीच्या तोंडातून दारू ओतावयाची, गोळी टाकावयाची आणि गजाने ठासावयाची, ही ती रीत. कंपनीच्या शिपायाच्या हातातील जुनी ‘ब्राउन बेस’ बंदूक याच जातीची होती. तिच्या नळीचा व्यास सुमारे पाऊण इंच. नळी आतून गुळगुळीत आणि गोळी तिच्यापेक्षा बरीच लहान. गोळी सैल असल्यामुळे ती सहज खाली उतरे, पण त्याच कारणाने शंभर यार्डांपलीकडे तिचा नेम भरवशाचा नसे. कागदाच्या सुरळीत मोजकी दारू आणि गोळी एकत्र बांधलेली असे. शिपाई सुरळीचे टोक दातांनी तोडी, दारू नळीत ओती आणि गोळीसकट कागद ठाशी. वंगणाचा प्रश्न येथे उद्भवतच नव्हता. दातांनी टोक तोडण्याची सवय मात्र शिपायाच्या दोन-तीन पिढ्यांच्या अंगवळणी पडली होती, हे पुढच्या घटनांच्या दृष्टीने ध्यानात ठेवावे लागते.

१८५३ साली इंग्लंडमध्ये एन्फील्ड रायफल स्वीकारली गेली आणि हे सारे गणित बदलले. या बंदुकीच्या नळीत आतून तीन पेचदार खाचा होत्या. नळीचा व्यास ०.५७७ इंच आणि आरंभीच्या गोळीचा ०.५६८ इंच, म्हणजे दोहोंत जेमतेम एक शतांश इंचाची फट. गोळीचे बूड पोकळ होते. बार उडताच ते फुगून खाचांत घट्ट बसे आणि गोळी स्वतःभोवती फिरत कित्येक शे यार्ड नेमकी जाई. या नेमकेपणाची किंमत दुसरीकडे मोजावी लागली. काळी दारू जळते तेव्हा तिच्या निम्म्याहून अधिक वजनाचे कीट घनरूपात मागे उरते. गुळगुळीत आणि सैल नळीला त्याचे फारसे सोयरसुतक नव्हते. एक शतांश इंचाच्या फटीत मात्र हे कीट दहा-वीस बारांतच गोळीची वाट अडवी. कीट मऊ राहावे, गोळी सहज उतरावी आणि शिसे नळीला चिकटू नये, यासाठी गोळीभोवतीच्या कागदाला वंगण लावणे भाग होते. एन्फील्डचे काडतूस वंगणावाचून चालण्यासारखे नव्हते.

असे वंगण निवडणे दिसते तेवढे सोपे नाही. ते उन्हाने वितळून कागदातून दारूत झिरपता कामा नये, थंडीत दगडासारखे होता कामा नये, महिनोन्महिने कोठारात पडून त्याला खवट आंबटपणा येता कामा नये. कारण आंबलेली चरबी शिशाला खाते, गोळीवर पांढरा लेप चढतो आणि आधीच अरुंद असलेली फट आणखी अरुंद होते. इंग्लंडमधील कारखान्याने गुरांची चरबी आणि मधमाश्यांचे मेण यांचे मिश्रण पसंत केले. चरबी स्वस्त होती, मुबलक होती आणि इंग्लंडच्या हवेत घट्ट राहत होती. ही निवड करणाऱ्यांपुढे वूलिचची हवा होती, कानपूरची नव्हती. त्यांच्यापुढे शिपायाचे ताटही नव्हते.

१८५३ मध्ये वंगण लावलेली काही काडतुसे हिंदुस्थानात आली ती याच हवेची परीक्षा पाहण्यासाठी. कलकत्ता, कानपूर आणि रंगून येथे ती ठेवण्यात आली, शिपायांच्या काडतूस-पेट्यांतून वागविण्यात आली आणि १८५५ साली अहवालासह इंग्लंडला परत गेली. परीक्षा होती ती वंगण उन्हाला टिकते की नाही याची. त्याच सुमारास, डिसेंबर १८५३ मध्ये, बंगाल लष्कराचे अॅड्जुटंट जनरल कर्नल हेन्री टकर यांनी लष्करी मंडळाला एक पत्र लिहिले. हे वंगण एतद्देशीय शिपायांच्या धर्मभावना दुखावणारे नाही अशी खात्री पटेपर्यंत ती काडतुसे केवळ युरोपीय पलटणींनाच द्यावीत, असा त्याचा आशय होता. या पत्रावर कार्यवाही झाली नाही. ते हरवले, दडपले गेले की कारकुनी प्रवासात थकले, याची चर्चा पुढे पुष्कळ झाली. उठावाच्या साडेतीन वर्षे आधी योग्य प्रश्न योग्य शब्दांत, योग्य टेबलावर ठेवला गेला होता, ही वस्तुस्थिती या चर्चेने बदलत नाही. शिपायाची शंका अडाणीपणाची होती असे ज्यांना म्हणावयाचे असेल, त्यांना आधी कर्नल टकर यांनाही अडाणी ठरवावे लागेल.

१८५६ साली एन्फील्ड रायफली मोठ्या संख्येने आल्या आणि कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये, तसेच डमडम व मेरठ येथे, काडतुसे बांधण्याचे काम सुरू झाले. नव्या बंदुकीचे शिक्षण देणारी केंद्रे डमडम, अंबाला आणि सियालकोट येथे उघडली. चरबी कंत्राटदार पुरवीत. ती कोणत्या जनावराची असावी, याविषयी कंत्राटात अट नव्हती. जानेवारी १८५७ मध्ये डमडमच्या कारखान्यातील एका खलाशाने एका ब्राह्मण शिपायाजवळ लोटाभर पाणी मागितले. शिपायाने जातीचे कारण सांगून नकार दिला. तेव्हा, लवकरच गाई-डुकरांची चरबी तोंडाने तोडावी लागेल, मग ही जात कोठे राहील, असे खलाशाने त्याला सुनावले. ही हकीकत सर्वश्रुत आहे. तिच्यात एक गोष्ट फारशी कोणी टिपत नाही. बातमी बाहेर आली ती काडतुसे बांधणाऱ्या हातांकडून. चरबीच्या कढया ज्याने पाहिल्या होत्या, तोच बोलत होता.

कॅप्टन राइट यांनी २२ जानेवारीस हे वरिष्ठांना कळविले आणि जनरल हिअर्सी यांनी दुसऱ्याच दिवशी ते पुढे पाठविले. सरकारही हलले. काडतुसे वंगणाशिवाय द्यावीत आणि शिपायांनी बाजारातून स्वतः पदार्थ आणून आपल्या हाताने लावावा, असा हुकूम आठवड्याच्या आतच निघाला. सरकारी चौकशीत दारूगोळा खात्याने कबुली दिली, की वंगणात चरबी व मेण असून आक्षेपार्ह चरबी टाळण्याची कोणतीही खबरदारी घेतलेली नाही. ही कबुली कार्यालयात राहिली. पलटणीपुढे ती कोणी वाचून दाखविली नाही. आणखी एक चमत्कारिक गोष्ट याच पत्रव्यवहारात सापडते. मेरठहून अॅड्जुटंट जनरलच्या कचेरीने तारेने उलट हरकत घेतली. एतद्देशीय शिपाई जुन्या रायफलीसाठी वंगण लावलेली काडतुसे वर्षानुवर्षे वापरीत आले आहेत. ते वंगण मेंढीची चरबी व मेण यांचे असते. आता अचानक सवलत जाहीर केली तर त्यांना नसलेला संशय येईल, असे या कचेरीचे म्हणणे होते. त्या म्हणण्यात तथ्य होतेच. परंतु त्यातून हेही उघड होते, की हिंदू व मुसलमान दोघांनाही चालणारे मिश्रण लष्कराच्या स्वतःच्या व्यवहारात आधीपासून नांदत होते. नव्या बंदुकीबरोबर ते सोडून देण्याचे काही कारण नव्हते. कोणी विचारले नाही, एवढेच.

यानंतर संशयाने पदार्थाची मर्यादा ओलांडली. वंगण गेले तर कागदावर बोट ठेवले गेले. नव्या काडतुसाचा कागद चकचकीत होता, जाळला की मेणकापडासारखा तडतडे. बराकपूरच्या चौकशीत शिपायांनी तसे सांगितले. रासायनिक तपासणीत कागदात चरबी आढळली नाही. पण ज्या सरकारने वंगणाबद्दल आधी काहीच सांगितले नव्हते, त्याच्या रसायनज्ञावर विश्वास ठेवण्यास फेब्रुवारी १८५७ मध्ये कोणी तयार नव्हते. पुढे दातांऐवजी बोटांनी कागद फाडण्याची मुभा देणारी नवी कवायत आली. येथे एक बारकावा सांगण्याजोगा आहे. एन्फील्डच्या काडतुसाला वंगण गोळीकडच्या टोकाला असे. दात लागत ते दारूकडच्या, म्हणजे कोरड्या टोकाला. यंत्रशाळेच्या दृष्टीने आक्षेप येथेच संपला. परंतु उन्हाळ्यात पेटीत एकमेकांना खेटून असलेल्या काडतुसांची चरबी कोणत्या टोकापाशी थांबेल, हे कोणती कवायत ठरविणार? सरसेनापती जनरल अॅन्सन यांनी मार्चमध्ये अंबाल्यास ती काडतुसे प्रत्यक्ष पाहिली, तेव्हा त्यांवर थापलेले वंगण पाहून शिपायांच्या हरकतीचे त्यांनाही फारसे आश्चर्य वाटले नाही. तसे त्यांनी गव्हर्नर जनरलना कळविले. गोळीबाराचा सराव मात्र अखेर चालूच ठेवण्याचे ठरले.

ज्या काडतुसांवरून प्रत्यक्षात अवज्ञा घडली ती एन्फील्डची नव्हतीच, हा या कथेतील सर्वांत विलक्षण भाग होय. २६ फेब्रुवारीस बेऱ्हामपूर येथे १९ व्या पलटणीने नाकारली ती जुन्याच बंदुकीची काडतुसे होती. २४ एप्रिलला मेरठ येथे तिसऱ्या घोडदळातील ९० निवडक स्वारांपैकी ८५ जणांनी हात लावण्यास नकार दिला, तीही जुन्या पद्धतीची, वर्षानुवर्षे वापरातली. नव्या बंदुकीची वंगण लावलेली काडतुसे शिपायांच्या पलटणींना सरसकट वाटली गेलीच नव्हती. ९ मे रोजी भर संचलनात त्या ८५ जणांच्या पायांत बेड्या ठोकण्यात आल्या आणि १० मे रोजी मेरठ पेटले. या टप्प्यावर वंगणाचे रासायनिक घटक काय होते, हा प्रश्न गैरलागू झाला होता. आपल्या तोंडात काय जाते ते सरकार आपल्याला सांगत नाही, ही जाणीव पुरेशी होती.

मराठी वाचकाला या वार्तेचा प्रवास एका अस्सल साधनातून पाहावयास मिळतो. वरसईचे विष्णुभट गोडसे द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे निघाले आणि उठावाच्या वणव्यात सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. गोडसे भटजींच्या कथनात काडतुसांची हकीकत येते ती वाटेवर कानी पडलेली म्हणून. कलकत्त्याच्या कारखान्यातील गोष्ट कोकणातल्या भिक्षुकाच्या कानी जाईपर्यंत तिला बाजारगप्पांचे, धर्मशाळेतील कुजबुजीचे आणि शिपायांच्या संतापाचे थर चढले होते. इतिहासकाराने त्यात तारखा शोधू नयेत. कोणती गोष्ट लोकांना खरी वाटत होती, हे त्यात सापडते. सावरकरांनी आपल्या १९०९ साली इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात काडतुसांना मूळ कारणाचे स्थान देण्यास ठाम नकार दिला. स्वधर्म आणि स्वराज्य ही त्यांच्या मते खरी कारणे. त्यांचा रोख समजण्यासारखा आहे. एका राष्ट्राचा उद्रेक चरबीच्या कढईत बुडवून लहान करण्याचा इंग्रजी लेखकांचा प्रयत्न त्यांना हाणून पाडावयाचा होता. मात्र त्या आवेशात टकर यांच्या पत्राचे वजन कमी होते. सरकारी दफ्तरातील कागद जॉर्ज फॉरेस्ट यांनी १८९३ पासून छापले आणि वंगणातील घटकांविषयीचा शिपायांचा संशय निराधार नव्हता हे इंग्रजी बाजूनेच मान्य झाले. ही कबुली स्वदेशी इतिहासलेखनाने अधिक वापरावयास हवी होती.

काडतुसाला सर्वस्व मानणाऱ्यांना मात्र छत्तीसगडकडे पाहावे लागते. आज जेथे भिलाईचे पोलाद नगर उभे आहे, तो दुर्ग-रायपूरचा पट्टा अठराव्या शतकाच्या मध्यापासून नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होता. मराठी अंमलदारांचा आणि मोडी दफ्तरांचा तो मुलूख. तिसरे रघूजी डिसेंबर १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले. टकर यांचे पत्र आणि भोसल्यांच्या गादीचा शेवट एकाच महिन्यातला आहे, हा योगायोग. पण कलकत्त्याच्या एकाच सरकारपुढे ही दोन्ही प्रकरणे होती. रायपुरात १० डिसेंबर १८५७ रोजी सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांना फाशी देण्यात आली. आदल्या वर्षीच्या दुष्काळात व्यापाऱ्याचे धान्याचे कोठार फोडून लोकांना वाटल्यापासून त्यांचा सरकारशी झगडा चालू होता. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, १८ जानेवारी १८५८ च्या रात्री, तेथील तिसऱ्या पलटणीतील हनुमानसिंह याने सार्जंट मेजर सिडवेल याला ठार मारले. उठाव त्याच रात्री मोडला गेला. हनुमानसिंह निसटला, त्याच्या १७ साथीदारांना २२ जानेवारीस जाहीरपणे फासावर चढविण्यात आले.

कागदपत्रांत हनुमानसिंहाचा हुद्दा ‘मॅगझिन लष्कर’ असा आहे. म्हणजे दारूगोळ्याच्या कोठाराशी ज्याचा रोजचा संबंध, असा माणूस. डमडमचा खलाशी आणि रायपूरचा हनुमानसिंह एकाच खात्याच्या दोन टोकांना उभे आहेत. तरीही रायपूरच्या उठावाचे कारण काडतुसाच्या कागदात शोधणे व्यर्थ ठरेल. वंगणासंबंधीचा हुकूम बदलून तेव्हा वर्ष होत आले होते. खालसा झालेले राज्य, धान्याचे कोठार आणि नुकतीच दिलेली फाशी ही तेथील कारणे डोळ्यांसमोर आहेत. वंगणाने बंगाल लष्करात ठिणगी टाकली हे खरे. दुर्ग-रायपूरच्या मुलखात जळण निराळे होते.

इकडे वंगणाचा प्रश्न इंग्रजांचाही पिच्छा सोडीत नव्हता. १८५७-५८ च्या मोहिमांत एन्फील्ड घेऊन लढणाऱ्या गोऱ्या सैनिकांना उन्हाळ्यात गोळी ठासता येईनाशी झाली. गुरांची चरबी चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या आसपास वितळू लागते. उत्तर हिंदुस्थानातील मे महिन्यात तेवढी उष्णता सावलीतही असते. वितळलेले वंगण कागदात मुरून जाई, गोळी कोरडी राही आणि नळीत कीट घट्ट होई. वूलिचच्या प्रयोगशाळेचे प्रमुख बॉक्सर यांच्या देखरेखीखाली गोळीचा व्यास ०.५५ इंच करण्यात आला आणि १८५९ पर्यंत वंगण म्हणून निव्वळ मधमाश्यांचे मेण कायम झाले. मेण बासष्ट-चौसष्ट अंशांपर्यंत वितळत नाही, खवट होत नाही आणि शिशाला खात नाही. कोणाच्या धर्मालाही ते बाधत नाही, पण बदल झाला तो त्यासाठी नव्हे. बंदूक चालेनाशी झाली म्हणून. तांत्रिकदृष्ट्या सरस पदार्थ आणि शिपायाला चालणारा पदार्थ एकच होता, आणि तो पहिल्यापासून त्याच कढईत चरबीच्या जोडीने पडलेला होता. मेणासाठी दूर जाण्याचीही गरज नव्हती. मध्य हिंदुस्थानातील अरण्यांतून ते आठवड्याच्या बाजारात येतच होते.

पुढे कागदी काडतूसच मागे पडले. स्नायडर रायफलीबरोबर १८६६ च्या सुमारास बॉक्सर यांचे पितळी काडतूस आले आणि पुण्याजवळ खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ साली उभा राहिला. मार्टिनी-हेन्रीच्या काडतुसात गोळीच्या बुडाशी मेणाची चकती असे. धूर न करणारी दारू आल्यावर कीट कमी झाले आणि गोळीभोवतीच्या वंगणाचे महत्त्व ओसरले. वंगण मात्र नाहीसे झाले नाही. ते गोळीवरून पुंगळीवर आले.

बार उडाला की पितळी पुंगळी फुगून बंदुकीच्या घराला चिकटते. ती पुन्हा भरावयाची असेल तर साच्यातून दाबून मूळ मापावर आणावी लागते. कोरडी पुंगळी साच्यात अशी अडकते, की ती काढताना बुडाची कड तुटून हाती येते. म्हणून परदेशातील नेमबाज पुंगळीला बोटांनी पातळसे वंगण चोळतात. ते जास्त झाले तर अडकलेल्या तेलाच्या दाबाने पुंगळीच्या खांद्याला खळगे पडतात. पुसायचे राहिले तर बार उडताना पुंगळीची पकड सुटते आणि सारा धक्का बंदुकीच्या खटक्यावर येतो. दारूत उतरले तर बार फुसका जातो. पातळ, घट्ट, दाबाला न फाटणारे आणि सहज पुसले जाणारे, अशा या वंगणाच्या शोधात जे पदार्थ टिकले त्यांत लॅनोलिन अग्रभागी आहे. मेंढीची लोकर धुताना निघणारे हे मेण. भारतात काडतुसे तयार करण्यास शस्त्र अधिनियम १९५९ अन्वये परवाना लागत असल्यामुळे घरोघरी पुंगळ्या भरण्याची रीत येथे रुजली नाही. हे ज्ञान कारखान्यांतच राहिले.

धातू साच्यातून ओढणाऱ्या प्रत्येकाला हाच प्रश्न पडतो. भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निघालेली सळई तार होण्यासाठी साच्यातून ओढली जाते, तेव्हा ती आधी कोरड्या साबणाच्या भुकटीतून जाते. ही भुकटी स्टिअरेटांची असते आणि ती बनविण्याची जुनी रीत गुरांच्या चरबीपासूनची आहे. वनस्पतितेलांपासूनही ती बनविता येते. मागणीपत्र लिहिताना कोणत्या स्निग्धाची भुकटी हवी, यासाठी निराळा रकाना ठेवावा लागतो.